जागा भरते, पण काम कोण करते? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अन्नजाळ्यांवरील, म्हणजे कोण कोणाला खाते या गुंतलेल्या नात्यांवरील माझ्या लेखावर आपण परखड आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, तिला चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. आपला मुख्य आक्षेप असा, की निसर्गात भक्षकाला अनेक भक्ष्ये आणि भक्ष्याला अनेक भक्षक असतात, एक प्राणी गेला तर त्याची जागा दुसरा घेतो, आणि म्हणून एक प्रजाती गेल्याने बाकीचे जाळे विस्कटेल ही मी व्यक्त केलेली चिंता अवाजवी आहे. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील लांडग्यांची गोष्ट रंगवून सांगितली जाते, असेही आपण म्हणता. आणि शेवटी विचारता, की मग माणसाने मासेमारी आणि पशुपालन सोडून द्यायचे का?

यलोस्टोनपासून सुरुवात करतो, कारण तिथे आपले म्हणणे बरेचसे खरे आहे. १९९५-९६ मध्ये कॅनडातून आणलेले लांडगे सोडले, एल्क हरणे घटली, झाडोरा वाढला आणि नद्यांनी आपले मार्गही बदलले, ही कथा ऐकायला फार छान आहे. प्रत्यक्षात एल्क कमी होण्यामागे अस्वले आणि उद्यानाबाहेरील शिकार हीसुद्धा कारणे होती, आणि अनेक ओढ्यांकाठी विलोची झुडपे अजून परतलेली नाहीत. मात्र ती का परतली नाहीत, हेही पाहायला हवे. लांडग्यांविना गेलेल्या सुमारे सत्तर वर्षांत एल्कनी विलो खाऊन संपवले, विलोवर जगणारे आणि ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर हे प्राणी गेले, बीव्हरचे बांध नसल्याने ओढ्यांची पात्रे खोल गेली आणि काठाची भूजलपातळी खाली उतरली. आता लांडगे आले तरी पाणी वर येत नाही. कथा रंगवलेली आहे हे मान्य. पण तिच्यातला रंग खरवडला, तर खाली जे उरते ते आपल्या बाजूने बोलत नाही.

आता मुख्य आक्षेप. त्याचा अर्धा भाग मला मान्य आहे: बहुतेक प्रजाती नाहीशा झाल्या, तर बाकीच्या जाळ्यावर त्याचा फारसा परिणाम लगेच दिसत नाही. अडचण अशी, की सर्व प्रजातींचे वजन सारखे नसते. रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील मकाह उपसागराच्या खडकाळ किनाऱ्यावर एक साधा प्रयोग सुरू केला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकाच्या एका पट्ट्यावरील जांभळे-केशरी तारामासे पहारीने उचकटायचे आणि दूर पाण्यात फेकायचे; शेजारचा पट्टा मात्र तसाच ठेवायचा. तारामासे ज्यांना खात, त्या शिंपल्यांनी मोकळ्या पट्ट्यावर हळूहळू सगळी जागा बळकावली. तिथे आधी पंधरा प्रजाती होत्या, त्यांतल्या आठच उरल्या. शेजारच्या पट्ट्यावर असे काही घडले नाही. जागा रिकामी राहिली नव्हती, उलट खच्चून भरली होती. तारामासा शिंपल्यांना आवरून इतरांसाठी जी मोकळीक ठेवत असे, ते काम करणारे कोणी उरले नव्हते.

माझा मुद्दा एवढाच आहे. जागा भरते, पण काम भरतेच असे नाही. त्यात माणसाचा घाव सोडत काढल्यासारखा कुठेही पडत नाही. तो बहुधा आकाराने मोठ्या, वरच्या पायरीवरील आणि सावकाश वीण असलेल्या प्राण्यांवर पडतो, म्हणजे ज्यांना बदली मिळणे सर्वांत कठीण, नेमका त्यांच्यावर.

गिधाडांचे उदाहरण घ्या. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कोणी त्यांची शिकार केली नव्हती. गुराढोरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्यांच्या मृत शरीरात शिल्लक राही आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन त्यांच्या अंतर्गत अवयवांवर यूरिक आम्लाचा पांढरा थर साचे. हे कारण २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून निश्चित झाले. एवढी घट होण्यासाठी शंभरात एकाहूनही कमी मृत जनावरांत मारक प्रमाणात औषध असणे पुरेसे होते, कारण एका मढ्यावर अख्खा थवा उतरतो, आणि वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याला ही तूट भरून काढता येत नाही. आपल्या म्हणण्याप्रमाणे त्यांची जागा रिकामी राहिली का? नाही, ती भटक्या कुत्र्यांनी घेतली. पण गिधाडांचा थवा एखादे जनावर तासाभरात हाडांपर्यंत साफ करतो आणि त्याच्या जठरातील तीव्र आम्लात बहुतेक रोगजंतू मरतात. कुत्रा सावकाश खातो, मढे कुजत राहते आणि रेबीजचा धोका वाढतो तो वेगळाच.

आपल्या बाजूने सर्वांत भक्कम उदाहरण खरे तर न्यूफाउंडलंडचे आहे, आणि आपण ते दिले नाहीत याचे मला आश्चर्य वाटले. अतिमासेमारीमुळे तिथला कॉड मासा संपत आला आणि १९९२ मध्ये कॅनडा सरकारने त्याची मासेमारी थांबवली. त्यानंतर कॉडचे भक्ष्य असलेली कोळंबी आणि खेकडे वाढले आणि त्यांच्या विक्रीतून चांगला पैसाही आला. हिशेबाच्या वहीत जागा भरली. परंतु मासेमारी थांबवूनही कॉड काही वर्षांत पूर्ववत होईल ही अपेक्षा फोल ठरली. तीन दशके उलटली तरी साठा जुन्या पातळीच्या जवळही पोहोचला नाही. थंड पाणी आणि कॉडचे खाद्य असलेल्या कॅपेलिन या छोट्या माशाची टंचाई यांचाही त्यात वाटा आहे. शिवाय जागा घेणारा कधीकधी जुन्या मालकाला परत येऊ देत नाही: बाल्टिक समुद्रात कॉडचे खाद्य असलेला स्प्रॅट मासा स्वतः कॉडची अंडी खातो, त्यामुळे मोठे कॉड विरळ झाले की त्यांच्या पुढच्या पिढीवर दुहेरी संकट येते.

‘निसर्ग सतत बदलतच असतो’ हे आपले वाक्य बिनतोड आहे, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. मुद्दा वेगाचा आहे, आणि पंधरा वर्षांत गिधाड जुळवून घेईल असे आपणही म्हणणार नाही.

राहिला शेवटचा प्रश्न. मासेमारी आणि पशुपालन सोडा असे मी लेखात कुठेही म्हटलेले नाही. भारत, पाकिस्तान आणि नेपाळ यांनी २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली, तेव्हा पशुपालन बंद पडले नाही, कारण गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक उपलब्ध होते. अंटार्क्टिक महासागरातील क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या जीवाबाबत १९८० च्या आंतरराष्ट्रीय कराराने तर मासेमारीचे गणितच बदलले: केवळ क्रिलचा साठा टिकवण्यासाठी मूळ साठ्याच्या निम्मा भाग राखणे पुरेसे धरले गेले असते, तिथे पेंग्विन, सील आणि देवमासे यांचा वाटा धरून ७५ टक्के राखण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. तेही पुरेसे आहे का, हा वाद चालू आहे, कारण एकूण पकड मर्यादेत असली तरी बोटी अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ, म्हणजे पेंग्विन जिथे पिल्लांसाठी क्रिल शोधतात त्याच पाण्यात एकवटतात. किती पकडायचे याबरोबर कुठे आणि कधी पकडायचे, हेही ठरवावे लागेल; आणि त्यासाठी किती पैसा सोडायची तयारी आहे, यावर आपले मत वाचायला मला आवडेल.