कागद कधी फाडले, ते विचारा

“पेपरवाले विकले गेलेत, दुसरं काय!” दिग्याने नेहमीप्रमाणे निकाल आधी दिला आणि सुनावणी नंतर ठेवली. विषय होता चौकशीत लागणारे कागद सरकारनेच नष्ट केल्याच्या आरोपांचा, आणि त्यावर माध्यमं धरतात त्या मौनाचा.

वश्याची अख्खी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेलेली. त्याला हे लागणारच. “दाबलेली एक बातमी सांग,” तो म्हणाला. “एकच.”

दिग्या तयारीत होता. “गुजरात. २००२ च्या दंगलीवर नानावटी आयोग बसला. २०११ च्या जूनमध्ये सरकारी वकील आयोगाला सांगतात की राज्य गुप्तवार्ता विभागाच्या फोनच्या नोंदी, गाड्यांची लॉगबुकं, अधिकाऱ्यांच्या हालचालींच्या डायऱ्या २००७ मध्येच नष्ट केल्या. नियमानुसार म्हणे! कुणी लावून धरलं हे?”

“तुला कुठून कळलं?”

“वाचलं.”

“कशात?”

दिग्या क्षणभर गप्प. तेवढ्यात भाऊ घुसले. “आणि नेताजींची फाइल? १२(२२६)/५६-पीएम. नेताजींच्या मृत्यूच्या परिस्थितीबद्दलची, थेट पंतप्रधान कार्यालयातली. १९७२ मध्ये नष्ट केली. तेव्हा कोण होतं रे दिल्लीत?”

पुढचा बराच वेळ तुमच्यांनी-आमच्यांनी यात गेला. तो इथे लिहीत नाही. ज्याला त्याला पाठ आहे. दिग्याने गुजरात सोडलं नाही. भाऊंनी दोनदा ऐकवलं की आयोगाच्या अहवालाने तिथल्या सरकारला दोष दिलेला नाही. यावर दिग्या म्हणाला, “कागदच नव्हते तर दोष काय हवेतून काढणार?” आणि भाऊ म्हणाले, “मग कागदात दोषच होता हे तू कुठून काढलंस?” दोघांचंही बरोबर होतं, म्हणून गाडी पुढे जाईना.

नाना आतापर्यंत ऐकत होते. ते निवृत्त झाले ते अभिलेख कक्षातून. सहा गठ्ठे पद्धत, कायम जपायचे कागद वेगळे, मुदतीनंतर काढून टाकायचे वेगळे, यातच त्यांचा जन्म गेला. “दोन्ही सरकारांनी उत्तर एकच दिलंय,” ते म्हणाले. “नेहमीची छाटणी. आणि हे उत्तर खोटंच असेल असंही नाही. गाडीचं लॉगबुक कुणी कायम ठेवत नाही. मुदत संपली की एखादा कारकून इमानेइतबारे ते गठ्ठ्यातून काढतोच.”

“म्हणजे तुम्ही सरकारच्या बाजूने?” दिग्या.

“ऐक तर. गुजरातचा आयोग २००२ ला नेमला, कागद गेले २००७ ला, आणि दुसरा अहवाल आला २०१४ ला. नेताजींच्या मृत्यूची चौकशी करणारा खोसला आयोग १९७० ला नेमला, फाइल गेली १९७२ ला, अहवाल १९७४ चा. कागदात काय होतं ते मला माहीत नाही, तुलाही नाही. पण नाशाची तारीख चौकशीच्या पोटात पडते की नाही, एवढं कुणालाही दिसतं. चौकशी चालू असताना छाटणी थांबवायची असते. ती का थांबवली नाही, हे विचारायला काय हरकत आहे?”

मला वाटलं आता दोघेही नमतील. कसले नमतायत! पण वश्या मात्र सावरून बसला.

“इथेच बातमी मरते,” तो म्हणाला. “पहिल्या दिवशी मथळा होतो, कागद नष्ट. दुसऱ्या दिवशी विरोधकांचा निषेध, सरकारचं ‘नियमानुसार’. तिसऱ्या दिवशी छापू काय? घोटाळ्याची फाइल हाताशी असली तर तिचं रोज एक पान निघतं, बातमी महिनाभर चालते. जळलेल्या फाइलला दुसरं पान नसतं. आणि ‘लपवायला नष्ट केली’ असं लिहायचं तर आत काय होतं ते सिद्ध करा, असं वकील म्हणतो. कुठून करू?”

दिग्याचं ‘विकले गेले’ मला अगदीच फेकून देण्यासारखं वाटत नाही. सरकारी जाहिरातींवर जगणारा पेपर सरकारला किती टोचेल याला मर्यादा आहेच. पण त्याने एक गोष्ट उलगडत नाही. सरकारवर रोज तुटून पडणारे पेपरही अशा बातमीला तिसऱ्या दिवशी का सोडतात?

त्यावर वकीलवहिनींनी ऑस्ट्रेलियाचं प्रकरण काढलं. तिथे ना दिग्याचा पक्ष ना भाऊंचा, त्यामुळे दोघांनीही पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

क्वीन्सलँड राज्यात मुलांच्या एका कोठडीगृहाबद्दल तक्रारी आल्या, म्हणून १९८९ च्या अखेरीस नोएल हाइनर या निवृत्त दंडाधिकाऱ्यांना चौकशीला बसवलं. डिसेंबरात सरकार बदललं. मुख्यमंत्री गॉस यांच्या नव्या सरकारला सल्ला मिळाला की या चौकशीला कायद्याचं संरक्षण नाही आणि साक्ष देणाऱ्यांवर अब्रुनुकसानीचे दावे होऊ शकतात. ५ मार्च १९९० ला मंत्रिमंडळाने कागद नष्ट करायचा निर्णय घेतला आणि त्याच महिन्यात ते फाडले गेले. त्याआधी कोठडीगृहाच्या व्यवस्थापकाचे वकील तेच कागद मागत होते, आणि सरकारला ते ठाऊक होतं.

“अभिलेखपाल काय करत होते?” नानांचा प्रश्न.

“परवानगी दिली. तीही लगेच.”

नानांनी कपाळाला हात लावला.

“पुढचं ऐका,” वहिनी म्हणाल्या. “पुरावा नष्ट करण्याच्या कलमाखाली तक्रार झाली तेव्हा उत्तर मिळालं, तेव्हा खटला सुरू झाला नव्हता, म्हणून गुन्हा नाही. मग २००४ मध्ये त्याच राज्यात, त्याच कलमाखाली एका पाद्र्याला शिक्षा झाली. एका मुलीने अत्याचाराबद्दल लिहिलेली डायरीची पानं त्याने नष्ट केली होती. तेव्हाही खटला सुरू नव्हता! पाद्र्याला एक न्याय, मंत्रिमंडळाला दुसरा. २०१३ मध्ये कारमोडी आयोगाने मंत्रिमंडळाच्या निर्णयात प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो म्हटलं. खटला मात्र कुणावरच झाला नाही.”

“आणि तिथले पेपर?” भाऊ.

“बरीच वर्षं थंड. केव्हिन लिंडेबर्ग नावाचा कामगार संघटनेचा माणूस एकटा लढत राहिला. त्याची नोकरी १९९० मध्येच गेली होती. ब्रूस ग्रंडी नावाचे पत्रकारितेचे प्राध्यापक खणत राहिले. १९८८ मध्ये त्या कोठडीगृहातल्या एका आदिवासी मुलीवर सहलीत अत्याचार झाला होता, ते २००१ मध्ये छापून आलं तेव्हा लोकांना कळलं की हे नुसतं कागदांचं भांडण नाही.”

वश्या हसला, पण ओशाळं. “लिंडेबर्गसारखी माणसं प्रत्येक पेपरात येतात रे. पिशवीभर झेरॉक्स घेऊन. दारात दिसली की आम्ही फोन कानाला लावायचो. त्यातून विरोधी पक्षाने ते प्रकरण उचललं, की संपादक म्हणणार हे राजकारण. तिथेही तेच झालं असणार. गॉसच्या कार्यालयाचे प्रमुख होते केव्हिन रड, नंतरचे पंतप्रधान. मग काय, जो तो पक्ष बघून वाचणार.”

“म्हणूनच पक्ष सोडा आणि यादी मागा,” नाना म्हणाले. “केंद्र सरकारच्या कागदांसाठी १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. बेकायदा नाश केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि १९९७ चे नियम सांगतात की जे नष्ट करायचं त्याची यादी करा, आणि ती यादी कायम जपा. कागद गेला तरी त्याचं नाव राहिलं पाहिजे. माहिती अधिकारात ती यादी मागायची. कोणी सुचवलं, कोणी सही केली, कोणत्या तारखेला.”

“यादीच सापडत नाही म्हणाले तर?” दिग्या.

“कायम जपायची यादी हरवली, ही तिसऱ्या दिवशीची बातमी नाही का?” वश्या एकदम डेस्कवर असल्यासारखा बोलला. “लेखी उत्तर असलं की मला आत काय होतं ते सिद्ध करावं लागत नाही. दोन तारखा शेजारी छापल्या की झालं.”

भाऊंना हे पटलं नाही. तारखा शेजारी छापल्या की वाचणारा आपोआप दोषी ठरवतो, कारकुनाचा प्रामाणिकपणा कुणी छापत नाही, हा त्यांचा मुद्दा. खोटा नाही तो. वश्या म्हणाला, सरकारचं उत्तर त्याच चौकटीत घेऊ. भाऊ म्हणाले, त्याच आकाराच्या अक्षरात घ्या. ते मान्य झालं.

अर्जाचा मसुदा वहिनी करणार आहेत. पहिला अर्ज कुठल्या प्रकरणाचा, यावर मात्र दिग्या आणि भाऊंचं पुन्हा जुंपलंय.