चोवीस फूट, चोवीस तास

"गाडी कुणाची?"

हा प्रश्न मला याआधी डोंबिवलीत विचारला गेला होता, १९८७ साली, आणि तेव्हा ती लूना होती. परवा टेक्सासमधल्या फ्रिस्कोत, लेकीच्या दारात, सकाळी सव्वासहाला मी चड्डी-बनियनवर पाण्याचा पाइप जोडत असताना तोच प्रश्न, अस्सल मराठीत, पाठीमागून आला. पाइप सुटला आणि बनियन ओला झाला.

गाडी म्हणजे आमची आरव्ही. चोवीस फूट लांब. आत पलंग, शेगडी, फ्रीज, संडास. लेकीकडे राहायला गेलं की जावयाची ऑफिसची खोली अडते, बाथरूमला रांग लागते, आणि सगळे आपल्याशी फार गोड वागायला लागतात. त्यापेक्षा आपलं घरच बरोबर न्यावं, असा माझा बेत. न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालो. ८१ नंबरच्या रस्त्यानं व्हर्जिनिया (तीनशेवीसच्या वर मैल, संपतच नाही), मग ४० नंबरनं टेनेसी आणि आर्कान्सा, शेवटी ३० नंबरनं डॅलसकडे. साधारण साडेपंधराशे मैल, आणि ही बया गॅलनला नऊ मैल देते. हिशेब करू नका, मी केलाय.

तर प्रश्न विचारणारे काका. डोक्यावर कुठल्याशा कॉन्फरन्सची टोपी, अंगात मुलाच्या कंपनीचा टी-शर्ट, हातात वही, आणि वहीच्या स्प्रिंगमध्ये खोचलेलं पेन.

"माझी," मी म्हणालो.

"नंबर न्यू जर्सीचा दिसतोय."

"मी न्यू जर्सीचाच आहे."

"म्हणजे बाहेरची." हे त्यांनी लिहून घेतलं. "कधीपासून उभी आहे?"

"काल दुपारपासून."

"तीन चाळीस. मी खिडकीत होतो. आणि रात्री दहा-पाचला तुमच्या मुलीच्या गॅरेजचा दिवा गेला."

खरं होतं. आरव्हीचा एसी घरच्या साध्या प्लगवर लावला आणि ब्रेकर उडाला. पण ती आमची घरगुती बाब होती.

"इथं नियम आहे, काका. अशी गाडी चोवीस तास. तीही सामान चढवण्या-उतरवण्यापुरती."

काका! मी ६६ वर्षांचा. हा गृहस्थ सत्तरीच्या अलीकडचा असेल तर मी माझं ड्रायव्हिंग लायसन्स परत करीन.

"तुम्ही इथल्या घरमालकांच्या असोसिएशनचे का?" मी नरमाईनं विचारलं.

"छे! मी मुलाकडे आलोय, सहा महिन्यांसाठी. पण ठाण्याला आमच्या सोसायटीचा चौदा वर्षं सेक्रेटरी होतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "इथली नियमावली शंभर पानांच्या वर आहे. मुलानं सही करून घर घेतलं, एक पान वाचलं नाही. मी पहिल्याच आठवड्यात वाचून काढली. कचऱ्याचे डबे रस्त्यावरून दिसता कामा नयेत, माहितीये? आणि आमच्याच घरचा बास्केटबॉलचा खांब नियमात बसत नव्हता. काढायला लावला. नातू दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. पण नियम म्हणजे नियम."

यावर काय बोलणार? ठाण्याची माणसं. (आम्हा डोंबिवलीकरांना त्यांनी लोकलमध्ये कधी नीट चढू दिलं नाही, तो राग वेगळा.)

हिनं दार उघडून "चहा घेणार का?" विचारलं आणि काका आत. आत आल्या आल्या म्हणाले, "कार्पेट एरिया किती?" मग मेंटेनन्स किती येतो, पाण्याची टाकी केवढी, ड्रेनेजचं काय. त्यांच्या पायाखालीच संडासाची टाकी आहे आणि ती मी स्वतः नळी लावून रिकामी करतो, असं सांगितल्यावर त्यांनी पाय उचलून घेतले आणि तेही लिहिलं.

"वाटेत काय काय पाहिलं?"

मी व्हर्जिनियातले डोंगर सांगायला तोंड उघडलं, तोच ही म्हणाली, "बकीज!"

टेनेसीतल्या सेव्हियरव्हिलचा बकीज म्हणजे पेट्रोल पंप. एकशेवीस नोझल आणि आत चौऱ्याहत्तर हजार चौरस फुटांचं दुकान. ही "दोन मिनिटांत येते" म्हणून आत गेली ती पावणेदोन तासांनी, बीव्हरचं चित्र असलेला टॉवेल घेऊन आली. व्हर्जिनियाच्या अख्ख्या डोंगररांगेला हिनं "छान आहे हो" एवढंच दिलं होतं.

"संडास आरशासारखे," ही म्हणाली. "पण अठरा चाकी ट्रकना बंदी आहे तिथं."

"बघा," काका खूश झाले, "तिथंही नियम आहे."

दोन कप चहा आणि पाच चकल्या झाल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. "सहा चाळीस. तुमचे बरोबर नऊ तास राहिले."

दुपारी दोनला लेकीला असोसिएशनची ईमेल आली, फोटोसकट. मी कुणावर आरोप करत नाही. पण फोटो समोरच्या घराच्या माडीवरून काढलेला होता आणि खालच्या कोपऱ्यात अंगठा आला होता. चाळिशीच्या आतल्या माणसाच्या फोटोत अंगठा येत नाही.

त्याच गल्लीत दारोदार एकवीस-एकवीस फुटी पिकअप उभे आहेत, वर्षानुवर्षं. ते चालतात. त्यात कुणाचे आईवडील झोपत नाहीत ना.

आता आम्ही पंचवीस मैलांवर, तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर. रात्रीचे ५५ डॉलर, वीज धरून. नातवंडांना भेटायला देश ओलांडून आलो आणि लेकीनं कॅलेंडरवर निमंत्रण पाठवलं: शनिवार, ११:१५ ते १२:२५, पोहणं आणि बुद्धिबळ यांच्या मधे. मी 'ॲक्सेप्ट' दाबलं. दुसरं बटण 'डिक्लाइन'चं होतं.

नातवंडं आली. सहा वर्षांच्या धाकटीनं सगळीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आजोबा, तुमचं रिअल घर गेलं का?" थोरल्याला संडासाची टाकी रिकामी होताना बघायची होती. दाखवली. पारदर्शक नळीतून खाली जाताना पाहून तो इतका हसला की त्याला चेसची वेळ झाल्याचं कळलंच नाही. लेकीला कळलं. पाच मिनिटं आधीच कळलं.

आज सकाळी व्हॉट्सॲपवर गुलाबाचं फूल आलं, 'सुप्रभात'सह. खाली काकांचा मेसेज: "तुमच्या कॅम्पग्राउंडची नियमावली ऑनलाइन मिळाली. मुक्काम कमाल १४ दिवस. आज तिसरा."