प्यादं मारू नका, सेवानिवृत्त करा

बुद्धिबळाच्या ग्रुपचे ॲडमिन झालात? अभिनंदन. आता डाव नंतर मांडा, आधी शब्दांना चाळणी लावा. निषिद्ध शब्दांची यादी करायची आणि यंत्राच्या हवाली करायची. यंत्राला बुद्धिबळ येत नाही आणि मराठी तर त्याहून येत नाही, म्हणजे ते निःपक्षपाती असणारच.

यादीत पहिला शब्द 'मार'. हिंसेला थारा नको. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं आणि सांगलीतल्या पोरांच्या पिढ्या एकमेकांचे हत्ती मारण्यात वाढल्या. झालं ते झालं, आता वळण लावायची जबाबदारी तुमची. 'मारुती चौकाजवळच्या इमारतीत सुमारे दहा वाजता जमा' असं कुणी लिहिलं, तर एका ओळीत तीनदा 'मार' आला. असला सराईत माणूस ग्रुपवर ठेवूच नका.

दुसरा शब्द 'विष'. त्यात 'विषय'ही जाईल. जाऊ द्या, विषयच नसला की वाद कशावर घालणार? विष्णुदास भावेही जातील. १८४३ मध्ये त्यांनी सांगलीत मराठी नाटक उभं केलं असेल, पण नावात विष घेऊन फिरायला कुणी सांगितलं होतं?

'भांग' विसरू नका. तासगावकडच्या एखाद्या सभासदानं 'भांगलण चाललीय, आज डाव नको' असं कळवलं, की तो शेतातलं तण काढतोय असं मानायचं नाही, समजायचं, माणूस नशेत आहे. हसू नका. २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका बागकामाच्या ग्रुपवर फेसबुकच्या यंत्रानं अशीच धाड घातली होती. तण काढायच्या अवजाराचं तिथलं नाव यंत्राला शिवी वाटलं.

'काळा' हा शब्द तर मुळापासून उपटा. 'काळ्यानं पांढऱ्यावर हल्ला चढवला' म्हणजे उघड दंगलच की! २०२० मध्ये एका क्रोएशियन खेळाडूची बुद्धिबळाची वाहिनी यूट्यूबनं काही काळ बंद ठेवली. कारण सांगितलं नाही. तुम्हीही कुणाला कारण सांगू नका, दरारा राहतो. पुढं कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बुद्धिबळाच्या वाहिन्यांवरचे, यंत्रांनी द्वेषपूर्ण ठरवलेले एक हजार शेरे स्वतः वाचून पाहिले, तर त्यातले ८२ टक्के निर्दोष निघाले. या आकड्यानं खचू नका. उरलेले १८ टक्के बघा आणि चाळणी आणखी बारीक करा.

शिव्या देणारे मात्र मध्ये टिंबं टाकून 'ह.ल.क.ट' लिहितील. ते यंत्राला दिसत नाही, तेव्हा तुम्हालाही दिसायचं कारण नाही. आणि हरून बसलेल्या बारा वर्षांच्या पोराला एखादे काका अगदी शुद्ध भाषेत म्हणाले, 'बाळ, बुद्धी लागत नाही असे खेळही असतात, ते शिकावेस', तर खुशाल जाऊ द्या. यादीतला एकही शब्द काकांनी वापरलेला नाही.