‘आरशाला कशाला दोष देता?’ पारधी आणि गुन्हेवृत्ताबद्दलच्या एका दाव्याला उत्तर

एक दावा वरचेवर फिरत असतो. माध्यमं म्हणजे आरसा. पारधी पकडले गेले तर ‘पारधी टोळी जेरबंद’ असंच छापणार, त्यात बदनामी कसली? माहिती पोलिसच देतात, चांगल्या बातम्याही येतात, आणि जमात सांगितली नाही तर लोकांनी सावध कसं राहायचं?

आधी आरशाचं बघू. बँक बुडवल्याबद्दल अटक झालेल्या संचालकांच्या बातम्या काढून पाहा. पद असतं, रक्कम असते, पक्षही असतो, जात नसते. नसावीच. पारधी माणूस पकडला की मात्र मथळ्यातला पहिला शब्द जमातीचा, आणि तो मजुरी करतो की ऊसतोडीला जातो हे शेवटच्या ओळीपर्यंत कळत नाही. प्रेस कौन्सिलची आचारसंहिता सांगते की जातीची ओळख देणं टाळावं, विशेषतः त्यातून त्या जातीला कमीपणा येत असेल तर. म्हणजे हा कुणा कार्यकर्त्याचा हट्ट नाही, पत्रकारितेचाच नियम आहे.

‘पोलिसांनी सांगितलं’ हे खरंच आहे, आणि दुखणं तिथेच आहे. पोलिसांची प्रेसनोट पत्रकारांच्या ग्रुपवर येते: गुप्त बातमीदाराकडून खात्रीलायक माहिती मिळाली, सापळा रचला, दरोड्याच्या तयारीतील टोळीस शिताफीने जेरबंद केले. मुद्देमालात कोयता, कटावणी, दोरी आणि मिरचीपूड. (मिरचीपूड हे मराठी गुन्हेवृत्तातलं सर्वात निष्ठावान पात्र असावं.) सोबत फोटो: मागे अधिकारी उभे, पुढे तोंडाला फडकी बांधून उकिडवे बसवलेले आरोपी. उपसंपादक ‘सदर’ खोडतो, ‘शिताफीने’ ठेवतो आणि पान सोडतो. पालावर जाऊन कुणी विचारत नाही, वकिलाला फोन जात नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम ३९९ खालचा ‘दरोड्याची तयारी’ हा गुन्हा सिद्ध व्हायला दरोडा पडावाच लागत नाही. म्हणजे बरंचसं पोलिसांच्या म्हणण्यावर आणि पंचनाम्यावर उभं असतं. तेच पुढे कोर्टात टिकलं नाही, माणसं निर्दोष सुटली, तर त्याची प्रेसनोट कोण काढणार? वाचकाच्या डोक्यात अटक तेवढी राहते.

शिवाय पोलिसांची ही नजर आली कुठून? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. नोंदणी, हजेरी, पासाशिवाय गाव सोडायला बंदी. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, म्हणजे या जमातींना कोंडून ठेवायची वसाहत होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून गेला, पण ‘सराईत गुन्हेगार’ नावाखाली यंत्रणेची सवय उरली. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांमधले विमुक्त, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींबद्दलचे असे उल्लेख रद्द करावे लागले, आणि या लोकांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावावं लागलं. ज्या यंत्रणेला न्यायालय असं सांगतं, तिच्या कागदावर बातमीदाराने डोळे मिटून विसंबायचं?

‘चांगल्या बातम्याही देतो’. देता, पण कशा? ‘पारध्याचं पोर फौजदार झालं!’ कौतुकातही गृहीत हेच, की घराणं चोरांचं आणि हा एकटा सुटला. शिकारीवर जगणाऱ्यांची रोजी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बेकायदा ठरली, त्यांना पर्याय काय मिळाला, यावर वृत्तमालिका करायला तेवढी जागा नसते.

उरलं सावध राहणं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारहाण झाली. ती अफवा मोबाइलवरून पसरली, पेपरातून नाही, हे कबूल. पण अनोळखी भटका दिसला की टोळीच आठवावी, हे काही एका व्हॉट्सअॅप मेसेजने होत नाही. वर्षानुवर्षांच्या मथळ्यांचा त्यात हात नाही असं मला तरी म्हणवत नाही. आणि चोर कोणत्या वेळी, कुठून शिरले हे कळलं तर माणूस कडी बदलतो. जमात कळून तो फक्त रस्त्यावरच्या माणसाकडे संशयाने बघतो.

मग लिहायचं काय? नाव, वय, गाव, कलम. पोलिसांचा दावा ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ असं लिहून, आणि आरोपीच्या वकिलाचं किंवा घरच्यांचं म्हणणं त्याच बातमीत. खटल्याचा निकाल लागला की तोही, त्याच पानावर, तेवढ्याच टायपात.