रॅक गाडीला बसला, स्पॉइलरला नाही: एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तुम्ही दिलेला एक स्टार आणि त्याखालचा मजकूर दोनदा वाचला. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना तुमची गाडी डोळ्यांसमोर आली आणि राग उतरला.

इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगते. दोन माउंटन सायकली नेण्यासाठी तुम्ही आमच्याकडून हॅचबॅकच्या मागच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा रॅक घेतलात. तिसऱ्या फेरीत दाराच्या माथ्यावरच्या स्पॉइलरला तडा गेला आणि दाराचा रंग घासला. दुकानात आलात तेव्हा तुम्हाला ऐकवलं गेलं, "चाकं काढा आणि आतच ठेवा की." तसं केलंत, तर पुढचं चाक परत बसेना. शेवटी तुम्ही लिहिलंय, "छोट्या गाडीतून माउंटन सायकल नेता येत नाही, एवढं तरी खरं सांगायचं होतं."

स्पॉइलरची चूक पूर्ण आमची. रंगाची आणि चाकाची थोडी आमची, थोडी तुमची. शेवटचं वाक्य मात्र मला मान्य नाही, आणि खरं म्हणजे त्या एका वाक्यासाठीच हे एवढं लांबलचक लिहायला बसले आहे.

आधी स्पॉइलर. काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला गाडीचं मॉडेल विचारलं, तक्त्यात पाहिलं आणि रॅक काढून दिला. तक्त्यात ते मॉडेल आहे. पण त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला दाराच्या माथ्यावर प्लास्टिकचा स्पॉइलर येतो, खालच्याला येत नाही, आणि स्पॉइलर असेल तर हा रॅक लावू नये अशी तळटीप तक्त्याखाली बारीक अक्षरात आहे. त्याने ती वाचली नाही. ती वाचायची असते हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्यामुळे तुम्ही "त्या मुलाला काही कळत नाही" असं जे लिहिलंय, ते माझ्या नावावर टाका.

या रॅकचं सगळं वजन बंपरवर किंवा दाराच्या खालच्या भागावर टेकलंय असं दिसतं. पण तो मागे कोसळत नाही तो वरच्या पट्ट्यांमुळे. तुमची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) १४ किलोची, दुसरी फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे) साडेपंधरा किलोची, रॅक स्वतः ९ किलोचा. म्हणजे साडेअडतीस किलो वजन दारापासून वीतभर, हातभर लांब लटकतंय, आणि प्रत्येक खड्ड्यात ते वरच्या हुकांना हिसका देतंय. ते हुक दाराच्या पत्र्याच्या कडेत अडकावेत अशा बेताने केलेले असतात. स्पॉइलर म्हणजे आतून पोकळ प्लास्टिकचं टोपण. तुम्ही गाडी आणलीत तेव्हा मी तो तडा नखाने चाचपून पाहिला होता: हुकाच्या डाव्या कोपऱ्यापासून निघून वरच्या ब्रेकलाइटच्या चौकटीपर्यंत गेलेला, केसासारखा बारीक. दाबलं की उघडायचा, सोडलं की मिटायचा. अजून एक फेरी झाली असती तर हुक निसटून सायकली रस्त्यावर पडल्या असत्या आणि मागून येणाऱ्याचं काय झालं असतं, या विचाराने त्या दिवशी मला काही सुचत नव्हतं. हे तेव्हाच तुमच्याशी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी मुलाला तुमच्याशी बोलायला लावलं आणि आत गेले.

रंगाचं थोडं वेगळं आहे. रॅकच्या पायांना फोमचे जाड पॅड असतात. तुमच्या पॅडमध्ये मातीचे कण रुतलेले होते आणि दारावरचे ओरखडे सगळे अर्धचंद्रासारखे, एकाच जागी, एकावर एक होते. याचा अर्थ रॅक सुटला नव्हता, पण जागच्या जागी डुलत होता आणि पॅडखालची माती पॉलिश पेपरचं काम करत होती. नवे पट्टे पहिल्या काही किलोमीटरांत ताण घेऊन थोडे सैल पडतातच. गाडी थांबवून ते पुन्हा ओढायचे, आणि बांधण्याआधी दार ओल्या फडक्याने पुसायचं, हे बॉक्समधल्या कागदावर लिहिलेलं आहे. बॉक्समधला कागद कोण वाचतं हे मलाही माहीत आहे (आमच्या काउंटरवर तरी कुठे वाचला होता). पण ट्रेलवरून चिखलाने माखून आलेली गाडी न पुसता त्यावर रॅक आवळला, हा भाग मी आमच्याकडे घेणार नाही.

तुम्ही तक्रारीत लिहिलेली नाही अशी एक गोष्ट तुमच्याच फोटोत दिसतेय. फुल सस्पेन्शन सायकलीच्या त्रिकोणात मागचा शॉक (धक्के शोषून घेणारा भाग) बसवलेला असतो, म्हणून रॅकच्या दांड्या आत नीट जातच नाहीत. तुमची सायकल जिथे जागा मिळाली तिथे अडकवलेली, तिरकी लटकलेली आहे. वरचं पेडल काचेपासून चार बोटांवर आहे आणि खाली आलेलं मागचं चाक थेट सायलेन्सरच्या तोंडासमोर. गरम धुराने टायरची बाजू मऊ पडते, कार्बनची रिम असेल तर तीही खराब होते. हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमपासून सीटच्या दांड्यापर्यंत लावायचा एक आडवा रॉड मिळतो, तो लावला की सायकल सरळ लटकते. तो रॉड आमच्याकडे होता, तुम्हाला कोणी दाखवला नाही. तरी रॉडनेही सगळं सुटलं नसतं. २९ इंची चाकांची सायकल टोकापासून टोकापर्यंत सुमारे १८५ ते १९५ सेंटिमीटर भरते आणि लहान हॅचबॅकची रुंदी साधारण १७०. चाकं दोन्ही बाजूंना बाहेर डोकावणारच. शिवाय नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाणार.

धंद्याच्या दृष्टीने हे बोलणं शहाणपणाचं नाही, पण बोलते. हा रॅक आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतो आणि आजच्या माउंटन सायकलींना सगळ्यात कमी शोभतो. आडवी वरची नळी, अरुंद हँडल, हलकी सायकल, अशा जमान्यातली ती कल्पना आहे. दुमडून कपाटात ठेवता येतो आणि स्वस्त पडतो म्हणून लोक मागतात, आणि मागतात म्हणून आम्ही देतो.

"टपावरचा का नाही सुचवला?" असंही तुम्ही विचारलंय. कारण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावरच्या वजनाची मर्यादा ४० किलो आहे, आणि त्या चाळिसात टपावरच्या आडव्या दांड्या आणि सायकलींचे ट्रेसुद्धा मोजायचे असतात. दांड्या सहा किलो, दोन ट्रे मिळून आठ, सायकली साडेएकोणतीस. झाले साडेत्रेचाळीस. एकच सायकल असती तर आनंदाने विकला असता, मात्र उभ्या सायकलीसकट गाडीची उंची अडीच मीटरच्या वर जाते हे पार्किंगमध्ये शिरताना आठवायला हवं. टो-बारवरचा (ट्रेलर ओढायला गाडीच्या मागे लावतात त्या दांड्यावरचा) रॅक या सगळ्यांत उत्तम, पण तुमच्या गाडीला टो-बार बसत नाही, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

राहिलं ते गाडीच्या आत. "चाकं काढा" हे तुम्हाला हाकलून लावल्यासारखं वाटलं, आणि ज्या सुरात ते बोललं गेलं त्याबद्दल माफी मागते. पण सल्ला खरा होता, फक्त अर्धा दिला गेला.

त्या दिवशी मी टेप लावून पाहिलं होतं: मागची सीट पाडली आणि पुढची थोडी सरकवली की तुमच्या गाडीत १३८ सेंटिमीटर लांबी मिळते. तुमच्या मोठ्या सायकलीच्या दोन आसांमधलं अंतर १२० सेंटिमीटर. फक्त पुढचं चाक काढलं तर मागच्या चाकाची अर्धी उंची, म्हणजे सुमारे ३७ सेंटिमीटर, त्यात मिळवायची. ती १५७ झाली आणि दार लागलं नाही. तुम्ही नेमकं हेच केलं होतं, आणि तिथेच "जात नाही" हा निष्कर्ष निघाला. दोन्ही चाकं काढली की चौकट १३० च्या आत येते.

मग ती आडवी ठेवायची, चेनची बाजू वर. नाहीतर सगळा भार गिअर बदलणाऱ्या डिरेलरवर येतो आणि त्याला चौकटीशी जोडणारा हँगर वाकतो. मागचं चाक काढण्याआधी गिअर सगळ्यात लहान चकतीवर आणायचा, म्हणजे चेन भांडत नाही. सीट खाली दाबायची. हँडल पूर्ण बाजूला वळवलं की ते चौकटीला समांतर होतं. तुमच्या फुल सस्पेन्शनचं हँडल केबलमुळे तेवढं वळत नाही, तिथे स्टेमच्या पुढच्या प्लेटचे चार स्क्रू ४ नंबरच्या अ‍ॅलन कीने काढून हँडल सोडवायचं आणि फडक्यात गुंडाळून चौकटीशेजारी ठेवायचं. परत आवळताना किती ताकद लावायची याचा आकडा स्टेमवर लिहिलेला असतो, बहुधा ५ किंवा ६ न्यूटन-मीटर, तो पाळायचा. पहिल्या सायकलीवर जाड चादर आणि दुसरी सायकल उलट्या दिशेने, एकीचं हँडल पुढच्या सीटकडे, दुसरीचं डिकीकडे. चाकं पिशवीत घालून पुढच्या सीटांमागे उभी, ब्रेकची डिस्क कशावरही दाबली जाणार नाही अशी. आम्ही सामान आणायला स्वतःच्या गाडीतून असंच जातो. पहिल्यांदा अर्धा तास गेला होता, आता पाव तासही लागत नाही. पेडल काढलंत तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर पाना ताकदीने फिरवून आटेच जातील.

आणि ते चाक जे परत बसेना. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये चाक बाहेर असताना कोणी ब्रेकची मूठ दाबली की डिस्कला दोन्हीकडून धरणारे ब्रेकचे पॅड एकमेकांजवळ येतात आणि परत मागे जात नाहीत, कारण मधे डिस्क नसते. गाडीतून उतरवताना मूठ सहज दाबली जाते, लहान मुलं तर मुद्दाम दाबतात. म्हणून पॅडच्या मधे प्लास्टिकची एक छोटी चिप अडकवतात. नवी सायकल येते तेव्हा ती तिच्याबरोबर असते आणि पॅकिंगबरोबर कचऱ्यात जाते. आमच्या ड्रॉवरमध्ये अशा मूठभर पडलेल्या आहेत आणि तुम्हाला एकही दिली गेली नाही. तुमचा ब्रेक बिघडलेला नाही. टायर काढायच्या प्लास्टिकच्या लिव्हरने पॅड हलकेच दोन्ही बाजूंना सारा, चाक बसेल. स्क्रूड्रायव्हर घालू नका.

आता हिशेब. रॅकचे पूर्ण पैसे परत, वापरलेला असला तरी. नवा स्पॉइलर, त्याचा रंग आणि बसवण्याची मजुरी आमच्याकडून, बिल थेट आमच्या नावावर करा. दारावरचे ओरखडे आम्ही पॉलिश करून देऊ. पॉलिशने न गेलेले राहिले तर त्याचा खर्च मात्र तुमचा. काउंटरवरच्या फॉर्ममध्ये कालपासून स्पॉइलर, सायकलीचं वजन आणि शॉक कुठे आहे हे तीन प्रश्न आले आहेत. उत्तरं भरल्याशिवाय हा रॅक गोदामातून निघत नाही.

स्टार बदलायला मी सांगणार नाही. दोन्ही सायकली आणि गाडी घेऊन सकाळी या, गर्दी नसते. एकदा मी लादून दाखवते, एकदा तुम्ही लादा. येताना रॅकच्या खालच्या पट्ट्याचा हुकही शोधून आणा. तुमच्या तिसऱ्या फोटोत तो डिकीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या बाटलीमागे पडलेला दिसतोय, म्हणजे त्या फेरीत तो लावलेलाच नव्हता.