कार्टून नंतर आलं, पुठ्ठा आधी

जी.आय. जो या खेळण्यातल्या सैनिकांची ओळख तेव्हाच्या मुलांना टीव्हीवरच्या कार्टूनमुळे झाली, असं त्यांच्यावरच्या तुमच्या लेखात सरसकट म्हटलंय. अमेरिकेत झाली असेल. पुण्यात आमच्या वाड्यात केबल आली तोवर बुटाचं खोकं भरून सैनिक जमले होते! आई तुळशीबागेत डब्यांसाठी घासाघीस करायची आणि आम्ही भातुकलीच्या पलीकडे टांगलेल्या पाकिटांकडे टक लावून बघायचो, एवढीच काय ती जाहिरात. खरी ओळख करून दिली पाकिटाच्या मागच्या पुठ्ठ्याने. तिथे तुटक रेषेच्या चौकटीत त्या सैनिकाची कुंडलीच छापलेली असायची: टोपणनाव, हुद्दा, जन्मगाव, स्वभाव. कात्रीने कापून ती कंपासपेटीत जायची. ती कार्डं मुख्यतः लिहिली लॅरी हामा यांनी, मार्व्हलच्या जी.आय. जो कॉमिक्सच्या लेखकाने. एवढ्या मोठ्या लेखात त्यांचं नाव नसावं?

आणखी एक राहिलंय. आपल्याकडचे सैनिक फनस्कूलचे, म्हणजे टायरवाली एमआरएफ आणि जी.आय. जो बनवणारी अमेरिकन हॅस्ब्रो यांनी 1987 मध्ये काढलेल्या कंपनीचे. त्यांतल्या कित्येकांचे रंग मूळ अमेरिकन बाहुल्यांपेक्षा वेगळेच, काही तर पार भडक. (म्हणूनच परदेशी संग्राहक आज ते शोधत असतात.) त्यामुळे पुढे कार्टून पाहिलं तेव्हा आमचं पहिलं मत झालं, की टीव्हीवाल्यांनी कपडे चुकवलेत. कमरेतला रबर तुटून सैनिकाचे दोन तुकडे व्हायचे, ते पाठीचा स्क्रू काढून नळाच्या वायसरने जोडणं हा तर वेगळ्याच लेखाचा विषय आहे. लिहाच.