‘ट्रायल्स म्हणजे हातांची ताकद, सेटअप म्हणजे नखरे’ हे खरं नाही

ट्रायल्स सायकलिंग, म्हणजे पाय न टेकवता दगड आणि अडथळ्यांवरून सायकलने उड्या मारत जायचा खेळ, त्याबद्दल एक दावा सगळीकडे फिरतोय आणि नवीन पोरं तोच वाचून सुरुवात करतायत, म्हणून लिहावंच लागतंय. दावा असा: ट्रायल्स म्हणजे हातांची ताकद, टायर फुल कडक ठेवा म्हणजे उसळी मिळते, सीट काढणं दिखावा, गिअर जड टाका म्हणजे लांब उडी जाते, आणि ब्रेक कुठलाही चालतो, डिस्क असली की विषय संपला.

हातांचं आधी. मागच्या चाकावर उभं राहून जो हॉप, म्हणजे छोटी उडी, मारतात तो हँडल ओढून होतच नाही. हात जवळपास सरळ, कंबर मागे, दोन्ही पेडल आडव्या रेषेत. गुडघे वाकवून खाली बसलं की टायर दबतो, मग पाय झटकन सरळ करायचे आणि सायकल आपल्याबरोबर वर येते, हात फक्त दोरीसारखे जोडलेले. हाताने ओढलं की पुढचं चाक अजून वर येतं, मागचं जागेवरच राहतं आणि माणूस पाठीवर. पाच-सहा हॉपमध्ये मनगटाच्या वरचा भाग भरून येत असेल तर ताकद कमी नाहीये, तुम्ही चुकीच्या जागेने उडी मारताय.

कडक टायरच्या नादाला मी स्वतः लागलो होतो, पहिले काही महिने ४० पीएसआय हवा भरून दगडावर चढायचो आणि दर वेळी कडेवरून घसरायचो, वाटायचं आपलाच बॅलन्स कच्चा आहे. कडक टायर उसळतो हे खरं, पण ती उसळी आपल्या ताब्यात नसते, आणि दगडाच्या कडेला धरायला रबर दबायलाच लागतं. हवा वजनाप्रमाणे साधारण १५ ते २५ पीएसआय, मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त. अगदीच कमी केली तर रिम दगडावर आपटते आणि ट्यूबला एकदम दोन भोकं पडतात, म्हणूनच मागचा टायर एवढा जाड, २.५ इंचाच्या आसपास असतो.

सीटवर फार बोलत नाही. व्हिडिओंमुळे गाजलेल्या डॅनी मॅकअॅस्किलच्या सायकलला सीट आहे की, असं म्हणतात. आहे, पण तो प्रकार स्ट्रीट ट्रायल्सचा, म्हणजे रस्त्यावरच्या भिंती-कठड्यांवर करायचा, तिथे सीट असते आणि तीही एकदम खाली. स्पर्धेच्या सायकलला सीट नसते कारण हॉपआधी जितकं खाली बसाल तितकं वर जाता, मध्ये काही आडवं नको.

आता गिअर. पेडल किकमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरून पेडल मारून पुढे उडी घेताना, पूर्ण फेरी मिळतच नाही, पुढच्या पायाला जेमतेम पाव फेरी मिळते. मागचा ब्रेक सोडायचा, पेडल मारायचं, कंबर पुढे फेकायची, टेकताक्षणी परत ब्रेक, सगळं एका श्वासात. म्हणून २६ इंची सायकलला पुढच्या चक्राला १८ दात मागच्याला १५, आणि २० इंचीला १८ आणि १२ असा जोड नेहमी दिसतो. हिशोब करा, दोन्हीत क्रँकच्या एका फेरीत सायकल साधारण अडीच मीटर जाते, चाकं वेगळी असूनही! साध्या एमटीबीवर (माउंटन बाइकवर) ३२-१६ टाकलं तर तेच चार मीटरच्या वर जातं, मग पाव फेरीत चाक हलायलाच जोर संपतो आणि उडी लांब नाही, आखूड पडते. त्यात फ्रीव्हील, म्हणजे पेडल पुढे मारलं की पकडणारा आणि मागे फिरवलं की सुटणारा भाग. १८ ठिकाणी पकडणारं असेल तर लागेपर्यंत २० अंशांपर्यंत रिकामे जाऊ शकतात, म्हणजे पाव फेरीतला पाचवा भाग तिथेच गेला. ७२ वाल्यात हेच जास्तीत जास्त ५ अंश. याला नखरे म्हणणाऱ्याने एकदा दोन्हीवर किक मारून बघावी.

ब्रेकचं मात्र अर्धं मान्य. डिस्कवर उत्तम चालवणारे खूप आहेत, पुढे डिस्क मागे रिम ब्रेक (रिमलाच पॅड दाबणारा) असंही चालतं. पण ‘विषय संपला’ नाही. २६ इंची रिमवर पॅड अॅक्सलपासून २७-२८ सेंटीमीटरवर पकडतो, १६० मिलिमीटरच्या डिस्कवर जेमतेम ७-८ वर, म्हणजे तेच चाक अडवायला डिस्कला साधारण चौपट घर्षण लागतं. म्हणून अजून कितीतरी जण मागे हायड्रॉलिक रिम ब्रेक ठेवतात आणि रिमला ग्राइंडरने खरवडून घेतात. आवाज कर्कश येतो, पॅड लवकर झिजतात, पण पकड अशी की चाक जागचं हलत नाही. ब्रेक कुठलाही असो, लिव्हर एकाच बोटाने दाबता आलं पाहिजे, बाकीची तीन हँडलवर.

तपासायचं असेल तर सायकल जमिनीवर ठेवा, मागचा ब्रेक एका बोटाने दाबा आणि हँडल धरून पुढे ढकला. टायर घासला तर ठीक. चाक थोडंसुद्धा फिरलं तर त्या दिवशी उंचीवर किक मारू नका, आधी पॅड बघा.